टेबलावरचं नागभीड

नागभीड जंक्शनात नोव्हेंबर २०१९पर्यंत दोन मापांचे रूळ नांदत होते. गोंदियाहून वडसा, ब्रह्मपुरी करत येणारी आणि पुढे सिंदेवाही, मूल, केळझरच्या जंगलातून चांदा फोर्ट-बल्लारशाकडे जाणारी मोठी लाइन, आणि नागपूरहून उमरेड, भिवापूर करत येणारी छोटी लाइन. मोठीच्या दोन रुळांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर, छोटीचं ७६२. ही मोठी लाइनसुद्धा १९९०च्या दशकापर्यंत छोटीच होती. मग २०१९ साली नागपूरची गाडीही रुंदीकरणासाठी थांबली. ज्याला घरात चालत्या गाडीचं मॉडेल उभारायचं आहे, त्याच्यासाठी नागपूर आणि चंद्रपूर या दोन जिल्ह्यांत नागभीडइतका चांगला विषय मला दुसरा दिसत नाही.

आपल्याकडे हा छंद किती दूर नेता येतो, हे पुण्याच्या भाऊ जोशींनी दाखवून दिलं. ऐंशीच्या दशकात त्यांनी हलवता येईल असं मॉडेल तयार करून त्याची प्रदर्शनं भरवली. पुढे कोथरूडमध्ये एक अख्खं छोटं शहर वसवलं आणि १ एप्रिल १९९८ रोजी ते लोकांसाठी खुलं केलं. वाफेच्या इंजिनापासून बुलेट ट्रेनपर्यंतच्या गाड्या, सिग्नल, उड्डाणपूल, सर्कस, पोहण्याचा तलाव, असं सगळं तिथे एकाच दालनात आहे. दिवे मालवले की त्या शहरात रात्र होते आणि खिडक्या उजळतात. एका माणसाच्या घरगुती वेडातून उभं राहिलेलं हे संग्रहालय मला फार मोलाचं वाटतं. पण ते शहर कल्पनेतलं आहे. नागभीड खरं आहे, आणि खऱ्या जागेचं मॉडेल करणाऱ्याला आधी तिची मापं काढावी लागतात.

जोशींच्या गाड्या एचओ या प्रमाणातल्या, म्हणजे खऱ्याहून सत्त्याऐंशीपट लहान. जगभर हेच प्रमाण सर्वाधिक चालतं. या प्रमाणात पंचवीस मीटर उंचीचा साग एकोणतीस सेंटिमीटरचा होतो आणि फलाटावरचा माणूस जेमतेम दोन सेंटिमीटरचा. खरी गंमत रुळांत आहे. बाजारात मिळणारे एचओचे रूळ साडेसोळा मिलिमीटर रुंदीचे असतात, कारण ते युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटरच्या लाइनवर बेतलेले आहेत. आपली ब्रॉडगेज त्याच प्रमाणात सव्वाएकोणीस मिलिमीटर भरते. तयार रुळांवर भारतीय गाडी चालवली की ती अरुंद वाटेवर उभी केल्यासारखी दिसते, आणि काटेकोर माणसाला स्लीपरवर रूळ हातानेच बसवावे लागतात. छोट्या लाइनची गोष्ट वेगळी. ७६२ला ८७ने भागलं की पावणेनऊ मिलिमीटर येतात, आणि ‘एन’ नावाच्या आणखी लहान प्रमाणाचे तयार रूळ नऊ मिलिमीटरचे असतात. फरक डोळ्यांना कळतही नाही. युरोपातले नॅरोगेजचे हौशी लोक वर्षानुवर्षं हीच युक्ती वापरत आले आहेत. नागपूर-नागभीड तिच्यात आयती बसते.

जागेचा हिशेबही छोट्या गाडीच्याच बाजूने आहे. आठ बाय चार फुटांच्या प्लायवर खऱ्या जगातले सव्वादोनशे मीटरसुद्धा मावत नाहीत. चोवीस डब्यांची एक्सप्रेस एचओमध्ये साडेसहा मीटर लांब होते, म्हणजे बहुतेक घरांच्या भिंतीहून मोठी. छोटी लाइन चार-पाच आखूड डब्यांतही शोभते. तिची वळणं मुळातच तीव्र, त्यामुळे टेबलावर रूळ जास्त वाकवले तरी ते खोटं वाटत नाही. तरीही सगळी लाइन करता येणार नाही. शंभर किलोमीटर या प्रमाणात अकराशे मीटरांच्या पुढे जातात. म्हणून निवड करावी लागते: जंक्शनचा एक फलाट, दोन सांधे, एक गेट, आणि पुढे जंगल.

या जंगलाकडे सर्वाधिक लक्ष द्यायला हवं. परदेशी पाकिटांतली झाडं सूचिपर्णी, गोल, बारमाही हिरवी असतात. ती लावली की गाडी आल्प्समध्ये पोचते. इथे आधी महिना ठरवावा लागतो. फाल्गुन-चैत्र घेतला तर साग निष्पर्ण, पळस पेटलेला, जमिनीवर तपकिरी पाचोळा. हा पाचोळा खऱ्या सागाच्या वाळल्या पानांचा चुरा करून, चाळून, पातळ केलेल्या फेव्हिकॉलने बसवता येतो. तो रंग कोणत्याही डबीत मिळत नाही. खराट्याच्या काड्यांचे झुबके करून बांबूची बेटं उभी राहतात. पावसाळा निवडला तर सगळं बदलतं: साग मोठ्या पानांचा आणि फुलोऱ्यावर, धानाच्या बांध्यांत पाणी, रोवणी चाललेली. दोन्ही ऋतू एकाच टेबलावर आणू नयेत.

वीज मात्र सोपी आहे. बहुतेक मॉडेलं बारा व्होल्टच्या डीसीवर चालतात. एका रुळातून धन, दुसऱ्यातून ऋण, आणि ध्रुव उलटे केले की इंजिन मागे फिरतं. अडचण येते ती हवेमुळे. चंद्रपूरचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो, मग चार महिने दमट. लाकडी सांगाडा सुकतो, फुगतो, आणि त्याच्यासोबत रूळ सरकतात. म्हणून जोडांत बारीक फट ठेवायची, प्लायला दोन्ही बाजूंनी वॉर्निश द्यायचं, आणि रुळांवरची धूळ नेमाने स्पिरिटने पुसायची.

मापांसाठी नागपूरच्या मोतीबागेत जावं. तिथलं नॅरोगेज रेल्वे संग्रहालय डिसेंबर २००२मध्ये सुरू झालं आणि छोट्या लाइनची इंजिनं, डबे तिथे जवळून बघता येतात. डब्याच्या पायऱ्या, खिडक्यांचे गज, चाकांमधलं अंतर वहीत उतरवता येतं. पण नागभीडच्या फलाटाला कोणता रंग होता, पाण्याची टाकी कुठे होती, मोहफुलांच्या टोपल्या कोणत्या डब्यात चढत, सांधेवाला कुठे उभा राहायचा, हे संग्रहालयात लिहिलेलं नाही. ते या लाइनवर नोकरी केलेल्या आणि तिने रोज ये-जा केलेल्या माणसांना ठाऊक आहे. तेव्हा प्लायवर करवत चालवण्याआधी उमरेड, भिवापूर, नागभीडला जाऊन त्यांच्याजवळ बसावं, आणि फलाटाचा नकाशा त्यांच्याच हाताने काढून घ्यावा.