मासे कुठे आहेत, हे पाणकावळ्यांना कसं कळतं?

आज आपण लांबच्या देशातल्या पाखरांची गोष्ट समजून घेऊ.

दक्षिण अमेरिकेत पेरू नावाचा देश आहे. त्याच्या किनाऱ्याजवळच्या खडकाळ बेटांवर ग्वानाय जातीचे पाणकावळे राहतात. एकेका बेटावर हजारो, कधी लाखो. बेटावर काडी-कचरा मिळत नाही, म्हणून ते विष्ठेचंच घरटं करतात. हीच विष्ठा म्हणजे ग्वानो खत. १९व्या शतकात ते जहाजं भरभरून युरोपात जात होतं.

या पाखरांचं मुख्य खाणं म्हणजे आंचोवेटा, आपल्या मांदेलीच्या कुळातला बारीक मासा. तो प्रचंड थव्यांनी फिरतो, पण एका जागी थांबत नाही. काल जिथे मिळाला तिथे आज असेलच असं नाही. घरट्यात पिल्लं भुकेली, समोर अफाट समुद्र. मग जायचं कुठे?

फ्रान्स आणि पेरूच्या अभ्यासकांनी हे शोधून २०१० साली प्रसिद्ध केलं. बेटाजवळ पाण्यावर पाणकावळ्यांचा एक मोठा जथा तरंगत असतो. बेटावरून निघालेली पाखरं आधी या जथ्यात उतरतात. मासे खाऊन परतणाऱ्यांच्या लांब रांगा ज्या दिशेने येतात, त्याच बाजूला हा जथा असतो. रांगांची दिशा बदलली, की जथाही सरकतो. म्हणून निघणाऱ्याने जथा पाहिला की आज कुठे जायचं ते कळतं. कुणी हाक मारत नाही, कुणी पुढारी नाही. एकीचं परतणं दुसरीला वाट दाखवतं, एवढंच.

यात परतणारीचं नुकसान होत नाही का? मोठा थवा सापडला, तर एका पाखराच्या खाण्याने तो संपत नाही. आणि आज जी दाखवते, तिलाच उद्या दुसरीकडे पाहून निघावं लागतं.

तिथलीच बूबी नावाची पाखरं मात्र वेगळं करतात. ती एकेकटी किंवा लहान गटाने हिंडतात. आधी मासे कुठे मिळाले ते लक्षात ठेवतात, आणि समुद्रावर कुणी सूर मारताना दिसलं की तिकडे वळतात. दोन्ही रीती चालतात.

पण एक गोष्ट कोणत्याच रीतीने भागत नाही. मासाच नसेल तर काय? काही वर्षी तिथला समुद्र तापतो, त्याला एल निनो म्हणतात. मासे खोल किंवा दूर जातात आणि पाखरं उपाशी मरतात. त्यात माणसांच्या बोटींनी बेसुमार मासेमारी केली. १९७० साली एक कोटी टनांहून जास्त आंचोवेटा पकडला गेला. १९७२ला एल निनो आला आणि मासळी कोसळली. त्याच वर्षी आपल्याकडे पाऊस दगा देऊन गेला. तो बहात्तरचा दुष्काळ घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. एल निनोच्या प्रत्येक वर्षी दुष्काळ पडतोच असं नाही, पण अशा वर्षी आपला पाऊस कमी पडण्याची भीती वाढते.

आपल्या गटांनी यातून दोन गोष्टी घ्याव्यात असं आम्हाला वाटतं. पहिली, बैठकीत हप्ते गोळा झाले की लगेच उठू नये. बाजारातून, तालुक्यातून, बँकेतून कोण आली, पापडाला काय भाव मिळाला, कोणत्या अर्जाला कोणता कागद लागला, हे प्रत्येकीने सांगावं. रिकाम्या हाताने आलेलीनेही सांगावं, म्हणजे दुसरीचं एसटीचं भाडं वाचेल. पाखरं नुसती पाहतात, आपल्याला बोलता येतं.

दुसरी, माहिती वाटता येते, पण विहिरीत नसलेलं पाणी वाटता येत नाही. पाणी, चारा, जंगल राखलं, तरच एकमेकींना वाट दाखवण्याला अर्थ आहे. यंदा पाऊस कमी पडेल असं कानावर आलं, तर पाण्याचा विषय पुढच्या बैठकीवर ढकलू नका.