सेवा केंद्रातला ब्राउझर आणि सुरक्षेचं एक्स्टेन्शन

ब्राउझर हेच कार्यालय

डहाणू आणि तलासरी तालुक्यांत सरकारी कामाचा मोठा भाग आता ब्राउझरमध्येच उरकतो. ग्रामपंचायतीतल्या आपले सरकार सेवा केंद्रातून दाखले निघतात, पंचायतीची देयकं ई-ग्रामस्वराजवरून डिजिटल सहीनं जातात. आश्रमशाळेची माहिती यू-डायस प्लसवर भरली जाते आणि शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटीवर. सायवन किंवा उधवा परिसरातल्या एखाद्या गावात संगणक एक आणि त्यावर बसणारी माणसं तीन-चार, असं सहज असतं. त्याच संगणकात आधार कार्डांच्या प्रती असतात, जातीचे दाखले असतात, पासबुकांचे फोटो असतात. लोक हे कागद विश्वासानं देतात, आणि पुढे त्यांचं काय झालं हे तपासायची सोय त्यांच्याकडे नसते. ती काळजी कागद स्वीकारणाऱ्यानंच घ्यायला हवी.

त्या काळजीचा एक भाग म्हणजे ब्राउझरमध्ये सुरक्षेचं एक्स्टेन्शन बसवणं. मोठ्या कंपनीत एका जागी बसून हजार संगणकांवर एक्स्टेन्शन धाडता येतं. इथे संगणक एकमेकांना जोडलेले नाहीत, संगणक विभाग नाही, आतल्या पाड्यांकडे रेंजही धड मिळत नाही. कुणीतरी पेनड्राइव्ह घेऊन गावोगाव जायचं, हाच मार्ग उरतो. तो वाईट नाही, फक्त नीट पार पाडायला हवा.

निवड करताना

सुरक्षेचं एक्स्टेन्शन म्हणजे ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्रॅम. तो फसवी पानं ओळखतो, घातक स्क्रिप्ट अडवतो, खोट्या संकेतस्थळांकडे नेणाऱ्या जाहिराती थांबवतो. फेब्रुवारी 2017 मध्ये केंद्र सरकारनं सायबर स्वच्छता केंद्र सुरू केलं, तेव्हा मोफत दिलेल्या साधनांत सी-डॅकचं ‘ब्राउझर जेएसगार्ड’ हे असंच एक्स्टेन्शन होतं. पण कुणीही बनवलेलं असो, बसवण्याआधी त्याची शेवटची सुधारणा कधी झाली ते पाहावं. वर्षानुवर्षं हात न लागलेलं एक्स्टेन्शन घेऊ नये.

जाहिराती आणि फसवे दुवे अडवण्यासाठी फायरफॉक्सवर ‘यूब्लॉक ओरिजिन’ चांगलं. क्रोमनं एक्स्टेन्शनचे नियम बदलल्यावर तिथे त्याची ‘लाइट’ आवृत्ती वापरावी लागते. या नावाशी मिळतीजुळती नावं घेतलेली दुसरी एक्स्टेन्शन्सही असतात, म्हणून नावावर जाऊ नये. क्रोमच्या दुकानात (वेब स्टोअरमध्ये) प्रत्येक एक्स्टेन्शनला 32 अक्षरांचा आयडी असतो. निर्मात्याच्या अधिकृत पानावरच्या दुव्यानंच दुकानात जावं आणि तिथला आयडी वहीत उतरवून ठेवावा. पुढचं सगळं काम त्या आयडीवर चालतं.

एक गोष्ट कार्यालयप्रमुखांनी आधीच समजून घ्यावी. यांतली बहुतेक एक्स्टेन्शन्स ‘सर्व संकेतस्थळांवरचा तुमचा सर्व डेटा वाचणे आणि बदलणे’ ही परवानगी मागतात. ती दिल्याशिवाय त्यांना पुरती राखण करता येत नाही, आणि तीच परवानगी चुकीच्या हातात गेली तर सगळं उघडं पडतं. डिसेंबर 2024 मध्ये सायबरहेवन या डेटा-सुरक्षेच्या कंपनीबाबत नेमकं हेच झालं. तिच्या एका कर्मचाऱ्याला खोट्या ईमेलनं फसवून हल्लेखोरांनी नाताळच्या सुमारास तिच्या एक्स्टेन्शनची बिघडवलेली आवृत्ती दुकानात चढवली. ते वापरणारे सुमारे चार लाख होते, आणि नवी आवृत्ती आपोआप उतरते. तेव्हा सुरक्षेच्या नावाखाली पाच-सहा एक्स्टेन्शन्स बसवू नयेत. एक, फार तर दोन.

नुसतं क्लिक करून बसवलं तर

दुकानाच्या पानावर जाऊन ‘क्रोममध्ये जोडा’ दाबलं की दोन मिनिटांत काम होतं. अडचण पुढे येते. असं बसवलेलं एक्स्टेन्शन फक्त त्या प्रोफाइलपुरतं असतं. सकाळी ऑपरेटरनं स्वतःच्या प्रोफाइलमध्ये बसवलं आणि दुपारी ग्रामपंचायत अधिकारी स्वतःच्या विंडोज लॉगिननं बसले, तर त्यांच्या ब्राउझरला कसलंच संरक्षण नाही. इन्कॉग्निटो खिडकीतही वेगळी परवानगी दिल्याशिवाय ते चालत नाही. शिवाय एखादं पान अडलं की कंटाळून कुणीही ते काढून टाकू शकतं.

एकदाच, सगळ्या प्रोफाइलसाठी

म्हणून माझा आग्रह पॉलिसीचा, म्हणजे सगळ्या संगणकाला लागू होणाऱ्या नियमाच्या नोंदीचा आहे. विंडोजच्या होम आवृत्तीत ग्रुप पॉलिसीची खिडकी नसते, पण तीच नोंद रजिस्ट्रीत हातानं करता येते. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून रजिस्ट्री एडिटर उघडायचा. लोकल मशीनखाली सॉफ्टवेअर, पॉलिसीज, गूगल, क्रोम या क्रमानं उतरायचं, नसलेले फोल्डर तयार करायचे आणि शेवटी ‘एक्स्टेन्शन-इन्स्टॉल-फोर्सलिस्ट’ नावाचा फोल्डर बनवायचा. इंग्रजीत हे नाव सलग लिहायचं, मध्ये रेघ किंवा जागा नको. त्यात ‘1’ नावाची स्ट्रिंग घालून तिच्यात तो 32 अक्षरी आयडी भरायचा. ब्राउझर पुन्हा सुरू केला की प्रत्येक प्रोफाइलमध्ये एक्स्टेन्शन आपोआप येतं आणि वापरणाऱ्याला ते काढता येत नाही.

एजसाठी हीच नोंद पॉलिसीजखालच्या मायक्रोसॉफ्ट, एज या वाटेनं करायची. तिथे आयडी एजच्या स्वतःच्या दुकानातला हवा. कुठल्याही संस्थेच्या डोमेनला न जोडलेल्या संगणकावर एज बाहेरच्या दुकानातलं एक्स्टेन्शन सक्तीनं बसवून घेत नाही. फायरफॉक्सची रीत निराळी: त्याच्या मूळ फोल्डरात ‘डिस्ट्रिब्यूशन’ फोल्डर करून त्यात पॉलिसीची एक छोटी जेसन फाइल ठेवता येते.

एका संगणकावर हे जमलं की रजिस्ट्रीचा तेवढाच भाग फाइल म्हणून काढून पेनड्राइव्हवर घ्यावा. फाइल अगदी लहान असते. गावात त्या वेळी नेट नसलं तरी नोंद होऊन जाते, आणि जोडणी आली की ब्राउझर एक्स्टेन्शन स्वतः उतरवून घेतो. रेंजची वाट बघत बसावं लागत नाही, हा आपल्याकडे या पद्धतीचा सगळ्यात मोठा फायदा. पेनड्राइव्ह मात्र याच कामाचा हवा. छायाचित्रं, गाणी, अर्ज यांच्यासाठी हातोहात फिरणारा नको.

बाकीची एक्स्टेन्शन्स बंद

खरा धोका बहुधा आधीच बसलेल्या एक्स्टेन्शन्समध्ये असतो. मराठी टाइपिंग, पीडीएफ बनवणं, फोटो ठरावीक केबीत बसवणं, फुकटचं व्हीपीएन अशी ती गरजेपोटी आलेली असतात, त्यात ऑपरेटरचा दोष नाही. मराठी टाइपिंगची सोय विंडोजमध्ये आहे, फोटो पेंटमध्ये लहान होतो, कागद ‘प्रिंट टू पीडीएफ’नं पीडीएफ होतो. हे आधी शिकवावं. मग ‘एक्स्टेन्शन-इन्स्टॉल-ब्लॉकलिस्ट’ या फोल्डरात ‘1’ नावाच्या स्ट्रिंगमध्ये फक्त तारकाचिन्ह (*) घालावं. सक्तीनं बसवलेलं एक्स्टेन्शन चालू राहतं, इतर सगळी बंद पडतात. न शिकवता हा कुलूपबंद कारभार केला, तर लोक काम घेऊन स्वतःच्या मोबाइलवर जातील, आणि तिथे कुणाचंच लक्ष नसेल.

बसवण्याआधी आणि नंतर

आधी एकाच संगणकावर बसवून पूर्ण दिवस नेहमीचं काम करून बघावं. डिजिटल सहीचं डोंगल, नव्या खिडकीत उघडणारी पावती, पैसे भरण्याचं पान या तीन ठिकाणी अडथळा येण्याची शक्यता जास्त. जे पोर्टल अडेल तेवढ्यालाच सूट द्यावी. मार्चअखेरीस तर हे काम काढूच नये.

ब्राउझरच्या मेनूत ‘तुमची संस्था व्यवस्थापित करते’ अशी ओळ दिसू लागेल. ती कशाची हे कर्मचाऱ्यांना आधी सांगावं, नाहीतर संगणक हॅक झाला म्हणून घबराट होते. क्रोमच्या ‘पॉलिसी’ पानावर नोंद लागू झाली की नाही ते लगेच कळतं.

प्रत्येक संगणकाजवळ एक कागद चिकटवावा: बसवलेल्या एक्स्टेन्शनचं नाव, आयडी, बसवल्याची तारीख आणि लाल इशारा आला तर कुणाला फोन करायचा त्या माणसाचा क्रमांक. पैसे गेले असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करावा. माहिती फुटल्याचा संशय असेल तर तालुक्याला तात्काळ कळवावं, कारण सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार सरकारी संस्थांनाही अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत तिला कळवणं बंधनकारक आहे.