ध्वनिमापकाचा न्याय

मानखुर्दमधल्या अनेक गल्ल्यांत मशिदीतली अजान आणि मंडळाची आरती एकाच खिडकीतून घरात येते. लल्लूभाई कंपाउंडसारख्या वसाहतींत तर इमारती इतक्या खेटून उभ्या आहेत, की शेजारच्यांचा टीव्हीसुद्धा आपलाच वाटावा. अशा वस्तीत एकाच्या धर्मस्वातंत्र्याची हद्द कुठे संपते आणि दुसऱ्याचा न ऐकण्याचा हक्क कुठे सुरू होतो, हे ठरवायचे कोणी? माझे उत्तर तळहातावर मावणाऱ्या ध्वनिमापकाकडे बोट दाखवते. मात्र त्या यंत्राचेही दोष मोजून.

मानखुर्दपासून चार स्थानकांवरच्या कुर्ल्यातील नेहरूनगरच्या रहिवाशांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २३ जानेवारी २०२५ रोजी निकाल दिला. ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असे न्यायालयाने म्हटले. निष्कर्ष योग्य, पण वाट आडवळणाची. १९५४च्या शिरूर मठ खटल्यापासून आपली न्यायालये धर्मात अत्यावश्यक काय, हे शोधत आली आहेत, आणि त्या शोधात न्यायाधीशाला नकळत धर्मपंडित व्हावे लागते. युरोपीय मानवी हक्क न्यायालयापुढे २०१२ साली नेदरलँड्समधल्या टिलबर्ग शहराच्या एका धर्मगुरूची तक्रार आली. पहाटेच्या प्रार्थनेसाठी तो चर्चची घंटा वाजवी. नगरपालिकेने रात्री ११ ते सकाळी ७.३० या वेळेत तिच्या आवाजाला मर्यादा घातली. घंटा ख्रिस्ती धर्मात किती आवश्यक, या खोलात न्यायालय शिरले नाही. बंधन आले आहे असे धरून ते शेजाऱ्यांच्या झोपेच्या मानाने जास्त आहे का, एवढेच त्याने तपासले आणि तक्रार फेटाळली. आपल्याकडेही संविधानाचे २५वे कलम धर्मस्वातंत्र्य आरोग्याच्या अधीन ठेवते. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. एवढे हाताशी असताना धर्मशास्त्रात शिरायची गरजच काय?

यावर आक्षेप येतो, की नियम सर्वांना सारखा असला तरी फटका एकालाच बसतो. आक्षेप पोकळ नाही. वर्षातले ठरावीक दिवस, जास्तीत जास्त १५, रात्री १२ पर्यंत ध्वनिक्षेपकाला सूट देण्याचा अधिकार राज्याला आहे, आणि तिचा लाभ मुख्यतः उत्सवांना मिळतो. रोज पाच वेळा होणाऱ्या अजानला तिचा उपयोग नाही. त्याहून सूक्ष्म गोष्ट मापात दडली आहे. नियमातले डेसिबल ‘ए’ पद्धतीने मोजतात, म्हणजे माणसाच्या कानाप्रमाणे खालच्या पट्टीतला आवाज कमी धरतात. ६३ हर्ट्झच्या घुमाऱ्याचे सुमारे २६ डेसिबल त्यात वजा होतात, तर भोंग्यातून येणारा माणसाचा आवाज जवळपास पूर्ण मोजला जातो. छाती हादरवणारा डीजे त्यामुळे कागदावर सौम्य दिसतो. दुसरा आक्षेप असा, की घाटकोपर-मानखुर्द जोडरस्त्यालगत वाहनांचाच आवाज मर्यादेपलीकडे असेल, तर भोंग्याला वेगळे कसे पकडणार? सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये याची सोय केली आहे: सार्वजनिक जागेच्या हद्दीवर परिसराच्या मर्यादेहून १० डेसिबल जास्त किंवा ७५ डेसिबल, यांतले जे कमी ते. पोलिसाने भोंगा बंद आणि चालू असताना, दोन्ही वेळा नोंद घेतली तर वाहनांची सबब उरत नाही.

उच्च न्यायालयाने ध्वनिक्षेपकातच आवाजाची कमाल मर्यादा बसवण्याचा मार्गही सुचवला आहे. हीच अट विसर्जन मिरवणुकीतल्या डीजेला लावावी, आणि तिथे खालची पट्टी धरणाऱ्या ‘सी’ पद्धतीनेही मोजावे.