हृदयाचे आरोग्य, लेखांक 11 : परवाना, क्वार्टर आणि ग्रॅमचा हिशेब

महाराष्ट्रात दारू पिण्यासाठी परवाना लागतो हे पिणाऱ्यांपैकी पुष्कळांना ठाऊक नसते, आणि ज्यांना ठाऊक असते त्यांच्यापैकीही थोड्यांच्याच लक्षात येते की मुंबई (आता महाराष्ट्र) दारूबंदी कायदा, 1949 खालील हा परवाना आरोग्य राखण्यासाठी मद्य हवे या कारणावर दिला जातो. मराठवाड्यातील आपला परभणी जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि तेथे दारू ही आबकारीची, म्हणजे सरकारी तिजोरीत भर घालणारी बाब होती. 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेल्यानंतर दारूबंदीचा कायदा इकडेही आला आणि मद्य हे औषध असल्याची ही कागदोपत्री कबुलीही त्याच्यासोबत आली. ‘थोडी घेतली तर हार्टला बरी असते’ हे वाक्य त्या परवान्यातून आले असे म्हणता येणार नाही, परंतु दोहोंची परीक्षा एकाच मापाने होऊ शकते, आणि ते माप म्हणजे पोटात गेलेल्या अल्कोहोलचे वजन.

जागतिक आरोग्य संघटना 10 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल हे एक प्रमाण-पेय धरते. भारतीय व्हिस्की-रममध्ये अल्कोहोल 42.8 टक्के असते आणि एक मिलिलिटर अल्कोहोलचे वजन सुमारे 0.79 ग्रॅम भरते. म्हणजे 180 मिलिलिटरच्या एका क्वार्टरमध्ये जवळपास 61 ग्रॅम, अर्थात सहा प्रमाण-पेये असतात. ‘आपली फक्त बिअर’ असे सांगणाऱ्याच्या हातातील 650 मिलिलिटरची 8 टक्क्यांची स्ट्राँग बाटलीही 41 ग्रॅमची, म्हणजे चार पेयांची निघते. देशी दारूचा हिशेब लेबलवरील टक्केवारीने याच रीतीने होतो, संत्र्याच्या वासाने त्यात काही उणे होत नाही. गूळ आणि नवसागराच्या हातभट्टीला मात्र लेबलच नसल्याने तिचा हिशेबच मांडता येत नाही.

थोडी दारू हृदयाला हितकर ही कल्पना 1992 च्या सुमारास फार बळावली, कारण फ्रान्समधील लोक स्निग्ध पदार्थ भरपूर खाऊनही हृदयविकाराने तुलनेने कमी मरतात आणि याचे श्रेय वाइनला असावे, असे प्रतिपादन तेव्हा झाले. पुढे थोडी दारू हितकर ठरवणाऱ्या अभ्यासांतील एक खोट उघड झाली : न पिणाऱ्यांच्या गटात आजारपणामुळे दारू सोडलेलेही मोजले गेले होते, त्यामुळे तो गट मुळातच अधिक रोगट दिसत होता, तर बेताने पिणारे बहुधा सुस्थितीतील होते. दक्षिण आशियाई लोकांपुरते पाहायचे तर 52 देशांतील इंटरहार्ट अभ्यासात इतरत्र दिसलेला दारूचा संरक्षक परिणाम त्यांच्यात आढळलाच नाही. शिवाय जेवणाबरोबरचा वाइनचा पेला आणि उपाशीपोटी, शेंगदाण्यावर घाईने रिचवलेली क्वार्टर यांना एकाच शब्दाने ‘थोडी’ म्हणणे हा भाषेचाच गैरवापर होय.

रोजच्या पिण्याने रक्तदाब कसा चढतो हे मागील लेखांकात आले आहे. हृदयाच्या स्नायूवरील परिणाम त्याहून संथ असतो आणि म्हणूनच फसवा ठरतो. यकृतात अल्कोहोलचे विघटन होताना ॲसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य तयार होते. ते आणि स्वतः अल्कोहोल स्नायूपेशींतील ऊर्जा निर्माण करणाऱ्या घटकांना इजा करतात, निलय म्हणजे हृदयाचे खालचे कप्पे हळूहळू फुगतात, त्यांच्या आकुंचनाचा जोर ओसरतो, आणि या अवस्थेला मद्यजन्य कार्डिओमायोपॅथी म्हणतात. रोज 80 ग्रॅमहून अधिक अल्कोहोल पाच वर्षांहून जास्त काळ घेणाऱ्यांत तिचा धोका विशेष मानला जातो, आणि वरील हिशेबाने 80 ग्रॅम म्हणजे एक क्वार्टर आणि वर 60 मिलिलिटरचा एकच पेग. जिना चढताना धाप लागणे, संध्याकाळी पायांवर सूज येणे, रात्री आडवे होताच दम कोंडून उठून बसावे लागणे ही लक्षणे पुष्कळदा ‘ॲसिडिटी’ किंवा ‘वयोमान’ या नावाखाली खपवली जातात आणि तोवर इकोच्या पडद्यावर हृदय ढिले झालेले दिसू लागते.

रोज न पिणारा, परंतु एका बैठकीत बाटली संपवणारा, या धोक्याबाहेर असतो असे नाही. अमेरिकेतील डॉ. फिलिप एटिंगर यांनी 1978 मध्ये सुट्टीत किंवा आठवड्याअखेर भरपूर पिऊन आलेल्या रुग्णांत हृदयाचे ठोके अनियमित झाल्याचे नोंदवले आणि त्यास ‘हॉलिडे हार्ट’ हे नाव पडले. महाराष्ट्रात त्याचे नाव गटारी किंवा धुळवड पडले असते. यात बहुधा एट्रियल फिब्रिलेशन होते, म्हणजे अलिंद हे वरचे कप्पे नीट आकुंचन पावण्याऐवजी थरथरत राहतात, त्यांत रक्त साचून गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूकडे गेली की लकवा होतो. परभणीची धुळवड मार्चमध्ये, ऊन तापू लागल्यावर येते. मूत्रपिंडांना पाणी राखून ठेवण्याचा इशारा देणाऱ्या संप्रेरकाला दारू दाबून टाकते, लघवी वाढते, घाम वेगळाच, आणि पाण्याबरोबर पोटॅशियम-मॅग्नेशियम घटल्यास ठोके आणखी बिघडतात. डिसेंबर-जानेवारीत, जेव्हा येथील कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेतील आकडा राज्यातील नीचांकांत छापून येतो, तेव्हा शेकोटीजवळ घेतलेला घोट ऊब देतो असे वाटते खरे. पण त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावल्याने जाणवणारी ती ऊब शरीराच्या आतील उष्णता बाहेर टाकण्याची खूण असते.

दारू सोडल्याचा लाभ हृदयाला मिळतो. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत एट्रियल फिब्रिलेशनच्या 140 रुग्णांपैकी सोडण्यास सांगितलेल्या गटात सहा महिन्यांत 53 टक्क्यांना तो विकार पुन्हा झाला, पूर्ववत पिणाऱ्यांत 73 टक्क्यांना. कार्डिओमायोपॅथीतही दारू पूर्ण थांबवून औषधे घेतल्यास अनेकांच्या हृदयाचा जोर काही महिन्यांत सुधारतो. मात्र वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने घरच्या शपथेवर एका रात्रीत बाटली टाकली, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत हात थरथरणे, नाडी धावणे, रक्तदाब चढणे, क्वचित फिट येणे किंवा भ्रम होणे हेही घडू शकते. असे सोडणे डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरावीक गोळ्या आणि जीवनसत्त्व ब-1 यांच्या आधाराने करावे लागते.