खडकवासल्याएवढी हवा

ट्रकचा एअर फिल्टर किती किलोमीटरला बदलायचा? निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत कुणालाही विचारा, उत्तर लगेच मिळतं आणि दर गाळ्यावर वेगळं मिळतं. कुणी चाळीस हजार म्हणतं, कुणी ऐंशी, कुणी म्हणतं चोक झाला की बघू. तिघंही आपापल्या जागी बरोबर असू शकतात, कारण फिल्टरला किलोमीटर कळतच नाहीत. त्याला कळते आत आलेली हवा आणि त्या हवेतली धूळ. तेव्हा हिशेब तिथूनच मांडू.

डिझेल पुरतं जळायला त्याच्या वजनाच्या साडेचौदा पट हवा लागते, पण डिझेल इंजिन त्याहून बरीच जास्त ओढतं. भरल्या गाडीला पंचवीस पट धरायला हरकत नाही. लिटरभर डिझेलचं वजन साधारण ८३० ग्रॅम, म्हणजे वीस किलोंवर हवा झाली. पुणे समुद्रसपाटीपासून ५६० मीटर उंच, त्यामुळे इथली हवा जराशी विरळ. घनमीटरला अकराशे ग्रॅम भरेल. हातचं राखून बोलायचं तर एका लिटर डिझेलमागे १८ हजार लिटर हवा. पंपावर आपण एका लिटरचे नव्वदच्या घरात पैसे मोजतो. उरलेले १८ हजार लिटर फुकट, म्हणून कुणाच्या हिशेबात नाहीत.

आता हा आकडा घाटात घेऊन जाऊ. साडेअठ्ठावीस टनांची भरलेली तीन आसांची गाडी खोपोलीहून खंडाळ्याला चढते तेव्हा साडेपाचशे मीटर उंची गाठायला तिला चौदा-पंधरा लिटर डिझेल लागतं. तेवढ्यात ती अडीच लाख लिटर हवा पिते. माणूस दिवसाला साधारण ११ हजार लिटर हवा श्वासावाटे घेतो, म्हणजे बोरघाटाच्या एका चढाची हवा आपल्याला तीन आठवड्यांहून जास्त पुरेल.

वर्षाचं बघा. लाख किलोमीटर पळणारी, लिटरला चारचं अ‍ॅव्हरेज देणारी गाडी २५ हजार लिटर डिझेल जाळते. हवा होते साडेचार लाख घनमीटर, वजनात जवळजवळ ५०० टन. खडकवासला धरणाचा उपयुक्त साठा १.९७ टीएमसी, दर पावसाळ्यात पुणेकर हा आकडा पेपरात शोधतो. घनमीटरमध्ये तो पाच कोटी ५८ लाखांच्या आसपास. भागाकार केला की उत्तर येतं १२४. एवढे ट्रक वर्षभरात एक अख्खं खडकवासला भरेल इतकी हवा ओढून घेतात. एकामागे एक उभे केले तर त्यांची रांग सव्वा किलोमीटरची. नवले पुलाजवळच्या एखाद्या जाममध्ये एवढे ट्रक सहज सापडतील.

ही सगळी हवा जाते घड्या घातलेल्या कागदातून. समजा, फिल्टरला ३०० घड्या आहेत, प्रत्येक पाच सेंटिमीटर खोल आणि चाळीस सेंटिमीटर उंच. कागद उलगडला तर बारा चौरस मीटर भरतो, म्हणजे दहा बाय तेराची खोली, पुण्यातल्या बऱ्याच फ्लॅटमध्ये जिला मास्टर बेडरूम म्हणून विकतात तेवढी. एवढं क्षेत्रफळ कशासाठी? वेग मारायला. ताशी ४५ किलोमीटरने धावणारी ही गाडी तासाला २०० घनमीटर हवा ओढते, पण कागदातून पार होताना त्या हवेचा वेग सेकंदाला अर्धा सेंटिमीटरसुद्धा नसतो. बाहेर ट्रक पळतोय आणि आत हवा मुंगीपेक्षा हळू सरकतेय.

आणि धूळ? बाहेरच्या हवेत पीएम १० ची चोवीस तासांची सरकारी मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम. पण ट्रकच्या नाकाशी, पुढच्या गाडीच्या चाकांनी उडवलेल्या हवेत, डांबरी हायवेवरही घनमीटरला एक मिलिग्रॅम धरतात. साडेचार लाख घनमीटर गुणिले एक मिलिग्रॅम म्हणजे ४५० ग्रॅम. वर्षाला अर्धा किलोही नाही! थोडं वाटतं ना? मग कण मोजा. दहा मायक्रॉनचा दगडी कण, म्हणजे केसाच्या जाडीच्या सातव्या हिश्शाचा, एका ग्रॅमच्या अब्जाव्या भागाहून किंचित जड असतो. ४५० ग्रॅममध्ये असे ३२ हजार कोटी कण बसतात. सेकंदाला एक या वेगाने मोजायला बसलात तर दहा हजार वर्षं जातील. पिस्टनची रिंग आणि लायनर यांच्यामधला तेलाचा थर काही मायक्रॉनचाच असतो, तेव्हा इंजिनला सगळ्यात जास्त खाणारे कण नेमके याच मापाचे. मोठा खडा आत जात नाही, आणि अगदी बारीक कण तेलाच्या थरातून न घासता निघून जातो.

इथपर्यंत हायवे झाला. आता वाघोली-लोणीकंद-भावडीच्या पट्ट्यात या, किंवा मोशीकडे. खडी क्रशर, क्रश सँडचे ढीग, आणि एकामागे एक जाणारे हायवा टिपर. फिल्टरच्या चाचणीत समोरचं दिसेनासं होईल अशी धूळ म्हणून जी पातळी धरतात, ती घनमीटरला ८८० मिलिग्रॅमच्या आसपास आहे. त्या हवेत तासाला २०० घनमीटर ओढणारं इंजिन पावणेदोनशे ग्रॅम धूळ गिळतं. म्हणजे हायवेवरच्या ट्रकची वर्षाची धूळ अडीच तासांत! अर्थात अडीच तास सलग त्या ढगात कुणी राहत नाही. पण पुढच्या हायवाच्या शेपटाला चिकटून दिवसाला पाच मिनिटं जरी गेली, तरी महिन्यात हायवेचं वर्ष भरतं. मीटरवर किलोमीटर मात्र दीड-दोन हजारच दिसतात. गाडीच्या पुस्तिकेतला किलोमीटरचा आकडा पाहून अशी गाडी चालवणारा मालक आपलंच इंजिन विकायला काढतोय, असं मी म्हणेन. पुस्तिकेतही त्या आकड्याखाली बारीक अक्षरांत असतंच की धुळीच्या भागात लवकर बदला. किती लवकर, ते सांगायला फिल्टरच्या डब्यावर किंवा पाइपवर एक छोटं इंडिकेटर असतं. कागद तुंबला की इंजिनला हवा ओढायला जोर पडतो. तो जोर पाण्याच्या ६३५ मिलिमीटर स्तंभाएवढा झाला की बहुतेक मोठ्या गाड्यांत तांबडी पट्टी वर येते आणि इंजिन बंद केलं तरी तिथेच अडकून राहते. बटण दाबलं की ती खाली जाते. फिल्टर न बदलता नुसतं बटण दाबणारेही आहेत.

उलट टोकाचे लोक हायवेवर भेटतात. फिल्टर काढायचा, टायरवर आपटायचा. "हवा मारून देऊ का शेठ, नवा कशाला?" असं विचारून गाळ्यावरचा पोरगा टायरचा कंप्रेसर लावतो. ट्रकच्या टायरसाठी त्यात शंभराहून जास्त पीएसआय असतो. जिथे कंपन्या हवा मारायला परवानगी देतात तिथे ती तीस-चाळीस पीएसआयची आणि आतून बाहेर. जास्त दाबाने कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात. आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही: कागदावर बसलेला धुळीचा पातळ थर स्वतःच चाळणीचं काम करतो. सगळ्यात जास्त धूळ सोडतो तो कोरा फिल्टर. त्यामुळे दर पंधरा दिवसांनी उघडून 'साफ' करणारा माणूस गाडीचं भलं करत नसतो.

फिल्टरचा डबा नीट बसणं हे तर फिल्टरइतकंच महत्त्वाचं. चांगला फिल्टर ९९.९ टक्के धूळ अडवतो, म्हणजे हायवेच्या ४५० ग्रॅमपैकी अर्ध्या ग्रॅमहून कमी आत जाते. रबरी सील कडक होऊन एक टक्का हवा बाजूने शिरली, तर आत जाणारी धूळ एक टक्क्याने नाही, अकरा पटींनी वाढते. इंजिनात जवळजवळ पाच ग्रॅम जाते. म्हणून नवा फिल्टर टाकताना पुढचा पाइप काढून आतून बोट फिरवावं. बोटाला करडी भुकटी लागली तर क्लँप, होज आणि सील तपासल्याशिवाय नव्या फिल्टरचा खर्च वाया.

मग बदलायचा कधी? हायवेवरच्या गाडीचा तांबडी पट्टी येईल तेव्हा किंवा वर्ष झालं की, जे आधी होईल ते. खाणीतल्या गाडीचं इंडिकेटर रोज बघायचं, आणि डब्याखालचा धूळ टाकणारा रबरी वॉल्व्ह रोज दाबून मोकळा करायचा. पावसाळ्यात त्यात चिखल बसतो. मुख्य फिल्टरच्या आतलं छोटं सेफ्टी एलिमेंट बाहेरच्या दर तिसऱ्या फिल्टरबरोबर नवं घालायचं. ते कधीही फुंकायचं वा धुवायचं नाही.