केबिनयुक्त लहान मासेमारी नौका

केबिनयुक्त लहान मासेमारी नौका म्हणजे जिच्या डेकवर सुकाणू, होकायंत्र आणि संपर्कसाधने ठेवण्यासाठी चारही बाजूंनी बंदिस्त खोली बांधलेली असते, अशी यांत्रिक नौका. या खोलीस ग्रंथभाषेत ‘सुकाणूकक्ष’ म्हणता येईल. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर मात्र ‘केबिन’ हाच शब्द रूढ आहे. नौकेच्या मालकास नाखवा, ती चालविणाऱ्या प्रमुखास तांडेल आणि त्याच्या हाताखालील मजुरांस खलाशी म्हणतात. या लेखात साधारणतः ८ ते १५ मीटर लांबीच्या नौकांचा विचार केला आहे.

केबिनमुळे तांडेलाचे ऊन, पाऊस, वारा व लाटांचे तुषार यांपासून रक्षण होते. मात्र केबिन हे डेकच्या वर, उंचावर बसविलेले वजनही असते. आश्रय आणि स्थिरता यांचा मेळ कसा घालावा, हा अशा नौकेच्या निवडीतील मध्यवर्ती प्रश्न होय.

पार्श्वभूमी

शिडाच्या होड्यांवर तांडेल उघड्यावर, नौकेच्या मागील टोकास बसून सुकाणूचा दांडा हाती धरीत असे. शीड, डोलकाठी आणि दोर हाताळण्यासाठी डेक मोकळा असणे आवश्यक होते. विसाव्या शतकाच्या मध्यापासून किनाऱ्यावरील नौकांना डिझेल इंजिने बसू लागली. इंजिनास पाण्यापासून झाकणे भाग होते, आणि शिडाची अडचण दूर झाल्यामुळे डेकवर बांधकामास वाव मिळाला. नौका अधिक दूर जाऊ लागल्या, समुद्रातील मुक्काम वाढला, बर्फ व डिझेलचा साठा वाढला आणि रात्रीचा प्रवास नित्याचा झाला. या बदलांबरोबर केबिन ही सोय न राहता गरज ठरू लागली.

महाराष्ट्राच्या राज्यक्षेत्रातील समुद्र किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंत आहे. या पट्ट्यातील मासेमारीचे नियमन ‘महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१’ या कायद्याने होते. पावसाळ्यात यांत्रिक नौकांना मासेमारीस बंदी असते. तथापि बंदीचा काळ सोडून आलेली वादळेही विनाशक ठरली आहेत. ११ नोव्हेंबर २००९ रोजी ‘फयान’ चक्रीवादळ अलिबाग व मुंबईदरम्यान किनाऱ्यावर आले, तेव्हा मासेमारीचा हंगाम चालू होता. अनेक नौका समुद्रात सापडल्या आणि कोकणातील मच्छीमार कुटुंबांवर मोठा आघात झाला. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ चक्रीवादळ मुंबईजवळून गुजरातकडे गेले, तेही बंदी सुरू होण्यापूर्वीच. नौकेची निवड ही त्यामुळे व्यवसायाइतकीच जीविताशी निगडित बाब ठरते.

केबिनचे कार्य

केबिनचा पहिला उपयोग तांडेलाची निर्णयशक्ती टिकवून ठेवणे हा आहे. सतत भिजलेला, वाऱ्याने गारठलेला किंवा उन्हाने थकलेला माणूस दिशा, अंतर आणि वेळ यांचा अंदाज चुकतो. दुसरा उपयोग उपकरणांच्या रक्षणाचा. वायरलेस संच, जीपीएस, पाण्याची खोली व माशांचे थवे दाखविणारा इकोसाउंडर आणि विजेच्या जोडण्या खाऱ्या पाण्याने लवकर निकामी होतात. तिसरा उपयोग खलाशांच्या विश्रांतीचा. परंतु लहान नौकेत सर्व खलाशांना झोपता येईल एवढी केबिन बांधण्याचा मोह धोक्याचा ठरू शकतो.

स्थिरतेवरील परिणाम

तरंगणाऱ्या नौकेवर दोन बले कार्य करतात. सर्व वजन गुरुत्वमध्यातून खाली, तर पाण्याचे उत्प्लावक बल वर. नौका एका बाजूस कलली की पाण्याखालील भागाचा आकार बदलतो, उत्प्लावक बल त्या बाजूस सरकते आणि नौकेस पुन्हा सरळ करते. हे बल ज्या बिंदूतून कार्य करीत असल्यासारखे दिसते, त्यास मेटासेंटर म्हणतात. गुरुत्वमध्य मेटासेंटरच्या जितका खाली, तितकी नौका सरळ होण्याची ओढ अधिक. या दोन बिंदूंमधील उभ्या अंतरास मेटासेंटरी उंची म्हणतात. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या निकषांत एक डेक असलेल्या मासेमारी जहाजांसाठी ही उंची किमान ३५ सेंटिमीटर सुचविली आहे.

केबिनचा परिणाम पुढील काल्पनिक उदाहरणावरून स्पष्ट होतो. एका नौकेचे एकूण वजन ७,६०० किलोग्रॅम आहे. तिच्यावर ४०० किलोग्रॅम वजनाची केबिन बसविली आणि केबिनचा गुरुत्वमध्य नौकेच्या मूळ गुरुत्वमध्यापेक्षा २ मीटर उंच आहे. नवा गुरुत्वमध्य ४०० गुणिले २ भागिले ८,०००, म्हणजे ०.१ मीटर किंवा १० सेंटिमीटर वर सरकतो. त्यानंतर केबिनच्या छतावर, मूळ पातळीपेक्षा सुमारे ३ मीटर उंचीवर, १५० किलोग्रॅम ओली जाळी ठेवली तर तो आणखी सुमारे साडेपाच सेंटिमीटर वर जातो. ३५ सेंटिमीटरच्या तुलनेत एकूण १५ सेंटिमीटरची घट ही मोठीच आहे. ‘छतावर काय ठेवणार?’ हा प्रश्न ‘केबिन केवढी?’ या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा आहे, तो याच कारणाने.

स्थिरतेचा ढोबळ अंदाज नौकेच्या डोलण्यावरून घेता येतो. नौका एका बाजूस कलून पुन्हा त्याच बाजूस येण्यास लागणारा काळ हा तिच्या रुंदीच्या सम प्रमाणात आणि मेटासेंटरी उंचीच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. ३ मीटर रुंदीच्या नौकेत मेटासेंटरी उंची ३५ सेंटिमीटर असेल तर हा काळ सुमारे ४ सेकंद, आणि २५ सेंटिमीटर असेल तर सुमारे ५ सेकंद येतो. झटक्याने डोलणारी नौका अस्वस्थ करते आणि संथ डोलणारी सुखद वाटते. परंतु पूर्वीपेक्षा संथ झालेले डोलणे हे स्थिरता घटल्याचे लक्षण असू शकते. नौकेच्या तळाशी साचून इकडून तिकडे वाहणारे पाणी ही घट आणखी वाढविते.

वाऱ्याचा दाब

केबिनची भिंत वाऱ्यास शिडाप्रमाणेच अडविते. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला तर दाब चौपट होतो. ताशी ६० किलोमीटर वेगाचा वारा समोरील प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १७ किलोग्रॅम वजनाइतका दाब देतो. ४ चौरस मीटर भिंतीवर हा दाब ७० किलोग्रॅमच्या आसपास जातो आणि तो उंचावर लागत असल्याने नौकेस आडवे कलविण्याचा प्रयत्न करतो. जाळे ओढताना नौका जवळजवळ स्थिर असते. अशा वेळी उंच केबिन पुढील भागात असल्यास नौकेचे तोंड वाऱ्यापासून वळू लागते व तिला जागेवर राखणे अवघड होते.

मासेमारीची पद्धत आणि केबिनची जागा

केबिन कोठे असावी हे जाळ्याच्या प्रकारावरून ठरते.

* डोल जाळे: पालघरपासून मुंबईपर्यंतच्या कोळीवाड्यांत बोंबील, जवळा, करंदी यांसाठी वापरले जाणारे हे पिशवीसारखे जाळे भरती-ओहोटीच्या प्रवाहात रोवून ठेवतात. ते नौकेच्या कडेवरून वर घेतले जात असल्यामुळे मधला डेक मोकळा लागतो. लहान केबिन मागे असणे सोयीचे.
* तरंगते गिल जाळे: पापलेट, सुरमई इत्यादींसाठीचे हे जाळे लांबलचक असते. ते रचून ठेवण्यास रुंद जागा आणि ओढताना कडेचे स्पष्ट दर्शन आवश्यक असते.
* ट्रॉल जाळे: हे नौकेच्या मागून ओढले जाते. केबिनमधून पुढे पाहण्याबरोबरच मागील दोर व ओढयंत्र दिसणे अत्यावश्यक असते, कारण जाळे तळाशी अडकल्यास दोराचा ताण नौकेस क्षणात कलवू शकतो.
* गळाची मासेमारी: थोड्या खलाशांवर चालणाऱ्या लहान नौकेत केबिन पुढे व काम मागे अशी मांडणी सोयीची ठरते.

साधारण ८ मीटरपेक्षा लहान, उघड्या होडीवर पूर्ण बंदिस्त केबिन क्वचितच योग्य ठरते. तेथे पुढील काच आणि छप्पर एवढाच अर्धा आडोसा पुरतो.

बांधणीचे साहित्य

लाकडी नौकेवर लाकडी केबिन बांधणे सुतारास सोपे असते. पण जाड फळ्यांचे वजन अधिक आणि सांध्यांतून पाणी झिरपण्याची शक्यता असते. फायबर, म्हणजे काचतंतूंनी बळकट केलेले प्लास्टिक, हलके व न कुजणारे आहे. मात्र ते आगीत जळते आणि डेकशी त्याचा जोड मजबूत असावा लागतो. पोलादी केबिन बळकट पण जड असते व तिला गंज लागतो.

या संदर्भात कोची येथील केंद्रीय मत्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने रचलेली आणि गोवा शिपयार्डने बांधलेली ‘सागर हरिता’ ही नौका उल्लेखनीय आहे. २०१६ मध्ये जलावतरण झालेल्या या १९.७५ मीटर लांबीच्या नौकेचा सांगाडा पोलादाचा असून केबिन फायबरची आहे. खालचा भाग बळकट आणि वरचा भाग हलका, हे तत्त्व तिच्यात दिसते. आकाराने ती येथे विचारात घेतलेल्या नौकांपेक्षा मोठी असली, तरी तत्त्व लहान नौकांनाही लागू पडते.

केबिनच्या रचनेतील तपशील

नौका पाहताना पुढील बाबी तपासल्या जातात.

* दरवाजा: तो मागील बाजूस किंवा लाटांचा थेट मारा न होणाऱ्या बाजूस असावा. उंबरठा उंच असल्यास डेकवरचे पाणी आत शिरत नाही.
* बाहेर पडण्याचा दुसरा मार्ग: नौका उलटल्यास एकच दरवाजा असलेली केबिन सापळा बनते. खिडकी वा छतातील झरोका माणूस बाहेर पडेल एवढा मोठा आणि आतून उघडणारा असावा.
* काचा: साध्या काचेऐवजी कठीण केलेली सुरक्षा काच लागते. रात्री आतील दिव्याचे प्रतिबिंब काचेवर पडून बाहेरचे दिसेनासे होते, म्हणून आतील दिवा मंद असतो.
* दृष्टिक्षेप: सुकाणूजवळ उभे राहून नौकेच्या नाळेपुढील पाणी, दोन्ही कडा आणि मागील डेक दिसतो का, हे प्रत्यक्ष पाहिले जाते. मालाने भरलेली नौका मागे दबते आणि नाळ वर येते, त्यामुळे रिकाम्या नौकेतील पाहणी अपुरी ठरते.
* हवा: इंजिनाचा धूर किंवा आत पेटविलेल्या चुलीचा वायू बंद केबिनमध्ये साचल्यास कार्बन मोनॉक्साइडमुळे झोपेतच मृत्यू ओढवू शकतो. सतत उघडे राहणारे झरोके यासाठी आवश्यक असतात.
* होकायंत्र: लोखंडी वस्तू आणि ध्वनिवर्धकाचे चुंबक यांपासून ते दूर बसवावे लागते.

नोंदणी व संपर्क

मुंबईवरील २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात दहशतवाद्यांनी ‘कुबेर’ ही मासेमारी नौका ताब्यात घेऊन वापरली होती. त्यानंतर नौकांची नोंदणी, मच्छीमारांची ओळखपत्रे आणि राज्यनिहाय ठरावीक रंग यांवर कटाक्ष वाढला. जुनी नौका घेताना तिच्यावरील क्रमांक, नोंदणीपत्र आणि मासेमारी परवाना जुळतात का, हे पाहणे म्हणूनच आवश्यक असते. मूळ नोंदणीनंतर केबिन वाढविली असल्यास कागदावरील नौका आणि प्रत्यक्ष नौका यांत फरक पडतो. स्थिरतेची जुनी गृहीतकेही त्यानंतर लागू राहत नाहीत.

संकटकाळी व्हीएचएफ वायरलेसची १६ क्रमांकाची वाहिनी वापरली जाते. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४, तर सागरी पोलिसांचा १०९३ आहे. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र समुद्रस्थितीचे अंदाज प्रसृत करते. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे एक लाख मासेमारी नौकांवर टप्प्याटप्प्याने ट्रान्सपॉन्डर बसविण्याच्या राष्ट्रीय योजनेचा प्रारंभ झाला. उपग्रहाद्वारे दुहेरी संदेशवहन करणारी अशी साधने टिकण्यासाठी कोरडी जागा व खात्रीचा वीजपुरवठा लागतो, आणि तो पुरविणे हे केबिनचे आजचे एक मुख्य कार्य बनले आहे.

खानदेशातील जलाशय

धुळे जिल्ह्यातील साक्री तालुका समुद्रापासून दूर आहे. मात्र तालुक्यात उगम पावणारी पांझरा तापीस मिळते आणि तापी सुरतेजवळ अरबी समुद्रास. पांझरेवरील लाटीपाडा व कान नदीवरील मालनगाव यांसारख्या जलाशयांचे पाणी उन्हाळ्यात बरेच ओसरते. अशा पाण्यात रोहू, कटला, मृगळ यांच्या मासेमारीस हलकी, उथळ तळाची आणि दोन माणसांना काठावर ओढता येईल अशी उघडी होडी उपयुक्त असते. तेथे केबिन हे निरर्थक ओझे ठरेल. तापीवरील उकाई किंवा नर्मदेवरील सरदार सरोवर यांचा विस्तार मोठा असून मोकळ्या पाण्यावर वाऱ्याने लाटा उठतात. तेथे छपराचा आडोसा उपयोगी पडतो, पण स्थिरतेचा नियम तोच राहतो. जानेवारी २०१९ मध्ये नंदुरबार जिल्ह्यात नर्मदेच्या पात्रात मकरसंक्रांतीच्या सुमारास प्रवासी होडी उलटून जीवितहानी झाली होती. संथ दिसणाऱ्या पाण्यातही होडीवरील भार आणि त्याची मांडणी किती निर्णायक असते, हे या घटनेने दाखवून दिले.

निवडीचा क्रम

वरील सर्व बाबींवरून निवडीचा क्रम पुढीलप्रमाणे ठरतो: प्रथम पाणी आणि किनाऱ्यापासूनचे अंतर, नंतर जाळ्याचा प्रकार, त्यानंतर खलाशांची संख्या व मुक्कामाचे दिवस, त्यावरून नौकेची लांबी-रुंदी, आणि सर्वांत शेवटी केबिन. प्रशस्त केबिन पाहून नौका निवडल्यास हा क्रम उलटा होतो. बंदरात उभ्या असलेल्या नौकेची पारख तिच्या केबिनवरून होते. खवळलेल्या समुद्रात मात्र ती पाण्याखालील भागाच्या रुंदीवर आणि वजनाच्या मांडणीवर तरते.