कशावरून, सर?

पहाटे 5.40
जुन्नरजवळच्या गावात भाड्याची एक खोली. भाडं 2,500. आत गॅस, गादी आणि पुस्तकांचा खोका. सर जिल्हा परिषदेत शिक्षणसेवक आहेत. पहिली तीन वर्षं मानधनावर, महिना 16,000 रुपये. 2023 च्या आधी प्राथमिकला हा आकडा 6,000 होता, म्हणून शाळेतले जुने लोक सरांना नशीबवान म्हणतात. सर हसतात.

जमिनीवर चित्रं पसरलेली. नाणेघाटातला दगडी रांजण, तिथलं लेणं, भिंतीवरचा ब्राह्मी लेख, पाण्याचं टाकं, मूर्तींची उरलेली पावलं आणि घाटाचा नकाशा. सहा चित्रांचे सहा संच करायचे, गटाला एक. झेरॉक्स 2 रुपये पान, म्हणजे 72. कार्डशीट 60. डिंक घरचा. पावती घेतलेली नाही. घेऊन द्यायची कुणाला?

आज दुपारी केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद. सरांना नमुना पाठ घ्यायचाय. विषय वरून आलाय : सामाजिक शास्त्रात प्रश्न विचारत शिकवणं.

6.50
स्कूटरमध्ये दीडशेचं पेट्रोल. थंडी बोचते. आजचा दिवस मी सरांसोबत. मागे बसलो, मांडीवर कार्डांची पिशवी. रस्त्याकडेला कांद्याची रोपं लावायला निघालेल्या बायकांचा टेम्पो. सर म्हणाले, "यातल्या तिघी माझ्या पालक आहेत. मीटिंगला बोलावलं की रोज बुडतो. मीच घरी जातो."

7.30
परिषदेच्या दिवशी शाळा सकाळची. परिपाठ, हजेरी, मग तीच हजेरी मोबाइलवर. नेटवर्क ओट्याच्या एकाच कोपऱ्यात येतं. तिथं शिक्षकांची रांग.

8.15
सहावी. इतिहासात सातवाहन चालू आहेत. सर दुपारचा पाठ आधी मुलांवर करून बघणार. फळ्यावर तीन रकाने : काय दिसतं, काय वाटतं, काय विचारायचं. मुलं गटागटानं फरशीवर बसली. या फरशीवर जुनी रंगवलेली अक्षरं आहेत. 2015-16 मध्ये ज्ञानरचनावादाची लाट आली, तेव्हा शिक्षकांनी रविवारी बसून रंगवलेली. रंगही बहुतेकांनी स्वतःच्याच पैशाचा आणला होता. अक्षरं आता निम्मी पुसलीत.

रांजणाचं चित्र फिरलं.

"टोल असंल, सर. चाळकवाडीसारखा."
"कशावरून?"
"आमचे पप्पा म्हणतात. व्यापारी वर आले की पैसे टाकायचे."
"चित्रात पैसे दिसतात?"
"नाय."
मागची एक मुलगी उठली. "सर, हा उघड्यावर हाये. पावसात भरून जाईल."
"नाण्यांना काय होतंय पावसानं?"
"पण रात्री चोरी होईल की. राखायला कोण?"
तिसरा म्हणाला, "पाणी असंल. घाट चढून आल्यावर तहान लागती."

सर खडू फिरवत राहिले. उत्तर दिलं नाही. मला मागे बसून राहवेना. या पद्धतीत हेच काम सगळ्यात अवघड असावं : ठाऊक असलेलं तोंडात धरून बसणं. शिवाय इथं पक्कं ठाऊक कुणालाच नाही. जकातीचा रांजण म्हणून सगळे सांगतात. लेण्यातल्या सातवाहन राणी नागणिकेच्या लेखात मात्र यज्ञ आहेत, दान दिलेल्या हजारो गायी आहेत, कार्षापण नाणी आहेत. जवळच्या एका टाक्यावर दुसरा छोटा लेख आहे. सोपाऱ्याच्या गोविंददासानं हे टाकं दान दिलं, असं त्यात कोरलंय. ते चित्र सरांनी मुद्दाम शेवटी वाटलं. पाण्यावाल्यांचा एकच गोंधळ झाला.

"सर, आपण जिंकलो?"
"टाकं पाण्याचं आहे. म्हणून रांजणही पाण्याचा, हे कशावरून?"

मुलं गप्प. मग वैतागली.

10.15
तांदूळ मोजायचा. पहिली ते पाचवीला माणशी 100 ग्रॅम, सहावीपासून 150. नोंदवहीत आकडा, पोर्टलवर आकडा. सरांच्या बोटांना खडू, खडूवर तांदळाची धूळ.

1.00
केंद्रशाळा. एका हॉलमध्ये चाळीसेक शिक्षक. चहा-वड्याची वर्गणी माणशी 30. केंद्रप्रमुख साहेबांनी विषयपत्रिका वाचली. ऑनलाइन नोंदी अपूर्ण असलेल्या शाळांची नावं वाचली. एक व्हिडिओ लावला, तो दोनदा अडकला. हजेरीची लिंक, अभिप्रायाची लिंक, पूर्वचाचणीची लिंक.

2.35
पत्रिकेत पाठाला चाळीस मिनिटं होती. उरली पंचवीस. सरांनी कार्डं वाटली. पहिल्याच मिनिटाला एक ज्येष्ठ गुरुजी म्हणाले, "जकातीचा रांजण. पुढं?"
"कशावरून, गुरुजी?"
हॉल हसला. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी चष्मा चढवला आणि चित्र जवळ घेतलं. शेजारच्या बाईंनी नकाशा ओढला. मग मात्र आवाज वाढला. राखणदार कुठं बसत असेल? लेण्यात भिंतीलगत कट्टे आहेत, ते त्यासाठीच का? एक जण म्हणाला, रांजणाची माती तपासली पाहिजे. दुसऱ्यानं आठवण करून दिली की तो दगडाचा आहे.

पलीकडून एका बाईंचा प्रश्न आला. "हे छान आहे हो, सर. पण चाचणीत विचारलं तर मुलांनी काय लिहायचं? एक मार्क जातो."

सर थांबले. "लोक जकातीचा मानतात, असं लिहायचं. मानतात हा शब्द सोडायचा नाही."

बाईंनी वहीत लिहून घेतलं. पटलं असं चेहऱ्यावर दिसलं नाही. मला वाटतं, दिवसभरातला सगळ्यात खरा प्रश्न त्यांचाच होता.

3.00
वेळ संपली. पुढचा विषय आधार नोंदणी.

4.40
शेवटची एसटी गाठायची म्हणून शिक्षिका आधीच चपला घालून बसलेल्या. साहेबांनी सरांना सांगितलं, "फोटो टाका ग्रुपवर. लोकेशनसकट. अहवाल आजच." दोन शिक्षकांनी कार्डांचा संच मागितला. सरांनी दोन संच देऊन टाकले. म्हणजे उद्या 12 पानं परत काढायची. 24 रुपये.

8.20
खोलीवर मुगाची खिचडी. एका हातानं अहवाल चाललाय. उद्दिष्ट, कार्यवाही, फलनिष्पत्ती, पाच फोटो. फोन वाजला. ज्येष्ठ गुरुजी.

"ते सोपारा म्हणजे नालासोपारा का?"
"हो, गुरुजी."
"माझा धाकटा भाऊ राहतो तिथं. गाडीनंसुद्धा अर्धा दिवस जातो इथं यायला. तो गोविंददास एवढ्या लांब टाकं खोदायला कशाला आला असंल?"
"तेच मुलांना विचारणार आहे."
"विचारा. मी पण सातवीला विचारतो. शनिवारी फोन करा."